वेळापत्रकाची फाईल खेळ का स्वीकारत नाही? स्प्रेडशीटमधून लीग बनवताना पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुका

‘आऊट ऑफ द पार्क बेसबॉल’ या संगणकीय खेळात स्वतःची लीग उभी करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी सामन्यांचे वेळापत्रक स्वतः बनवावे लागते, आणि ते हाताने लिहिणे अशक्य असल्यामुळे तो स्प्रेडशीट उघडतो. तक्ता नीट जमतो, सामने मोजून पूर्ण भरतात, फाईल तयार होते. खेळात मात्र ती यादीत दिसतच नाही, किंवा दिसली तरी पहिल्या सामन्यानंतर महिनाभर कोणीच खेळत नाही. मग नोटपॅडमध्ये फाईल उघडून आपण चार ओळी हाताने दुरुस्त करतो आणि काम भागते. पुढच्या हंगामात तक्त्यात एखादा बदल करून फाईल पुन्हा काढली की तीच चूक पुन्हा हजर. मी स्वतः या फेऱ्यात दोन हंगाम घालवले. चूक फाईलमध्ये दिसत असली तरी ती तक्त्यात जन्माला येते, त्यामुळे फाईल दुरुस्त केल्याने ती कधीच संपत नाही, एवढे लक्षात यायला मला तेवढा वेळ लागला.

माझी लीग मराठवाड्याची आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या आठ जिल्ह्यांचे आठ संघ. आपल्याकडे बेसबॉल फारसा खेळला जात नाही हे खरे, परंतु आठ ही संख्या या खेळासाठी फार सोयीची आहे. अमेरिकेतील मुख्य लीगमध्ये १९०४ पासून बहुतेक काळ प्रत्येक संघ हंगामात १५४ सामने खेळत असे, आणि ही संख्या आठ संघांच्या लीगमधूनच आलेली होती: सात प्रतिस्पर्धी आणि प्रत्येकाशी २२ सामने. या मुख्य लीगच्या दोन शाखा आहेत, अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग. १९६१ मध्ये अमेरिकन लीगमध्ये दहा संघ झाले, तेव्हा नऊ प्रतिस्पर्ध्यांशी प्रत्येकी १८ या हिशोबाने १६२ सामने ठरले. नॅशनल लीगने पुढच्याच वर्षी तेच केले, आणि आज तीस संघ असूनही १६२ हा आकडा टिकून आहे. आठ जिल्ह्यांसाठी मी जुना १५४ चाच हिशोब घेतला. खालील सर्व उदाहरणे त्याच लीगची आहेत.

फाईलमध्ये नेमके काय असते

वेळापत्रकाची फाईल म्हणजे एक्सएमएल पद्धतीने (माहिती ठरावीक खुणांमध्ये मांडण्याच्या रीतीने) लिहिलेला साधा मजकूर असतो आणि तिच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर ‘एलएसडीएल’ ही चार इंग्रजी अक्षरे असतात. सुरुवातीला लीगची रचना सांगणारी एक ओळ येते आणि त्यानंतर दर सामन्याला एक ओळ. सामन्याच्या ओळीत चारच गोष्टी असतात: हंगामाचा कितवा दिवस, सामन्याची वेळ, पाहुण्या संघाचा क्रमांक आणि यजमान संघाचा क्रमांक. संघांची नावे या फाईलमध्ये कुठेच येत नाहीत, सामन्याची तारीखही येत नाही. यात फक्त आकडे असतात, आणि ते इंग्रजी आकडेच असावे लागतात. मराठी टंकलेखन चालू ठेवून एखाद्या सेलमध्ये वेळ लिहिली आणि आकडे देवनागरीत उमटले, तर आपल्याला ती ओळ निर्दोष वाटते. खेळाला मात्र तिथे आकडाच सापडत नाही.

पाहुणा संघ आधी आणि यजमान नंतर, हा क्रम विशेष ध्यानात ठेवावा. बेसबॉलमध्ये पाहुण्यांची फलंदाजी आधी होते आणि त्यांचे नावही आधी लिहितात. आपण ‘परभणी विरुद्ध बीड’ असे लिहितो तेव्हा सामना परभणीला आहे असेच बहुधा गृहीत धरतो. माझ्या पहिल्या फाईलमध्ये याच सवयीमुळे सगळे रकाने उलटे पडले होते. या चुकीचा त्रास असा की कोणत्याही बेरजेत ती पकडता येत नाही, कारण प्रत्येक संघाला घरचे ७७ आणि बाहेरचे ७७ सामने मिळायचे ते तरीही मिळतातच. हंगामाचा पहिला सामना कोणाच्या मैदानावर ठेवला होता ते आठवून खेळात तपासणे, एवढाच त्यावर उपाय.

फाईल यादीतच दिसत नसेल तर आधी नाव पाहावे. विंडोजमध्ये परिचित फाईलप्रकारांची शेवटची अक्षरे मुळात लपवलेली असतात, त्यामुळे नोटपॅडने आपल्या नावामागे गुपचूप ‘टीएक्सटी’ जोडलेले असते आणि ते आपल्याला दिसत नाही. जतन करताना प्रकाराच्या जागी ‘ऑल फाईल्स’ निवडले की प्रश्न सुटतो. नाव बरोबर असूनही फाईल दिसत नसेल, तर रचनेची ओळ तपासावी. खेळ आपल्या लीगची रचना आणि वेळापत्रकाची रचना जुळवून पाहतो. ही रचना इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक नावात लिहिलेली असते. माझ्या लीगसाठी ती आयएलएन, बीजीवाय, जी १५४, एसएल १, डी १, टी ८ अशी होते. याचा अर्थ: आंतरलीग सामने नाहीत, सर्वांशी समान सामने आहेत, प्रत्येकाचे १५४ सामने, एक उपलीग, तीत एक विभाग, त्यात आठ संघ. यातला एक आकडा चुकला तरी ते वेळापत्रक दुसऱ्याच कोणत्या तरी लीगचे ठरते.

तारखांचा घोळ

सर्वाधिक वेळा येणारी अडचण हीच आहे, आणि तिच्या खुणा इतक्या ठरलेल्या आहेत की फाईलमधील पहिले पाच-सहा आकडे पाहून कारण सांगता येते.

दिवसाच्या जागी ४५७४८ असा पाच आकडी राक्षस दिसला, तर आपण तारखेचा सेल तसाच ओळीत जोडला आहे. स्प्रेडशीट तारीख म्हणून जे दाखवते ते केवळ दर्शनी रूप असते. आत साठवलेला असतो तो १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून मोजलेला दिवसांचा आकडा. १ एप्रिल २०२५ चा आकडा ४५७४८ येतो. दर्शनी रूप सेलपुरतेच असते, त्यामुळे फॉर्म्युल्याने मजकूर जोडला की आतला आकडा बाहेर येतो. वेळेचेही तसेच. सायंकाळी ७ वाजून ५ मिनिटे ही वेळ घड्याळाच्या रूपात लिहिली, तर फाईलमध्ये ०.७९५१३८८८८ असा अपूर्णांक उतरतो, कारण दिवस म्हणजे एक आणि वेळ म्हणजे त्याचा अंश. वेळ १९०५ अशी साध्या संख्येप्रमाणे लिहावी. सकाळचा सामना ०९०५ ला ठेवायचा असेल, तर संख्येच्या पुढचे शून्य गळून जाते. तिथे ‘टेक्स्ट’ या फंक्शनला चार शून्यांचा साचा देऊन चारही आकडे राखून घ्यावेत. (एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. तेव्हा दुपारी एकचा सामना कागदावर ठेवायलाही मन धजावत नाही. माझे सगळे सामने दिवे लागल्यावरच होतात.)

दिवसांच्या रकान्यात १, ३२, ६०, ९१ असे आकडे ओळीने आले आणि बाराव्या दिवसानंतर ‘व्हॅल्यू’ची चूक सुरू झाली, तर दोष संगणकाच्या प्रादेशिक मांडणीचा आहे. आपण ०१/०४/२०२५ लिहितो ते १ एप्रिल म्हणून. अमेरिकी मांडणी असलेला संगणक ते ४ जानेवारी असे वाचतो. ०२/०४ म्हणजे ४ फेब्रुवारी, ०३/०४ म्हणजे ४ मार्च. अशा रीतीने पहिल्या बारा दिवसांचे सामने वर्षभरातील बारा महिन्यांच्या चार तारखांवर जाऊन बसतात. तेरावा महिना अस्तित्वात नसल्यामुळे १३/०४ ही तारीख तारीखच राहत नाही, तिचा निव्वळ मजकूर होतो. सेलमधली जागा पाहूनही हे ओळखता येते: स्वतःहून काही मांडणी दिली नसेल तर संख्या उजव्या कडेला चिकटते आणि मजकूर डाव्या कडेला. एकाच रकान्यात बारा ओळी उजवीकडे आणि तेराव्यापासून सगळ्या डावीकडे सरकल्या असतील, तर यापेक्षा वेगळा पुरावा शोधण्याची गरज नाही.

यावर बहुतेक जण संगणकाची मांडणी बदलतात. तो उपाय आज चालतो, परंतु तोच तक्ता मित्राच्या किंवा कॉलेजच्या संगणकावर उघडला की घोळ परत येतो. कायमचा उपाय म्हणजे तारखा टाइपच न करणे. तक्त्याचा पाया ‘दिवस १, दिवस २’ असाच ठेवावा, कारण खेळालाही तेच हवे असते. हंगामाची पहिली तारीख एकाच सेलमध्ये ‘डेट’ फंक्शनने वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे आकडे देऊन लिहावी आणि बाकीच्या तारखा केवळ स्वतःला पाहण्यासाठी त्यावरून काढाव्यात. आठवड्याचा वारही रचनेच्या ओळीत सांगावा लागतो. ‘वीकडे’ फंक्शन मुळात रविवारला १ मानते आणि दुसरा पर्याय दिला तर सोमवारला, म्हणून आपला क्रमांक लिहिण्यापूर्वी खेळासोबत आलेली एखादी मूळ फाईल उघडून तिथली मोजणी कशी आहे ते पाहून घ्यावे.

दिवस-क्रमांकांवर चालण्याचा आणखी एक लाभ ऐतिहासिक लीग बनवणाऱ्यांना होतो. अमेरिकेची नॅशनल लीग १८७६ ची आहे, आणि एक्सेलला १९०० पूर्वीच्या तारखा तारखा म्हणून कळतच नाहीत. त्या मजकूर म्हणूनच पडून राहतात. लिब्रेऑफिसच्या कॅल्कला त्या कळतात. तारखांवर अवलंबून राहिलेच नाही, तर दोन्हीकडे तक्ता सारखाच चालतो.

स्प्रेडशीटच्या या आगाऊपणाला कंटाळलेले आपण एकटेच नाही. काही मानवी जनुकांची इंग्रजी लघुनामे महिन्यांच्या नावांसारखी होती, एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत असे, आणि २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या समितीने अखेर त्या जनुकांचीच नावे बदलली. म्हणजे शास्त्रज्ञांनीही हात टेकले. आपल्याला निदान आपले रकाने बदलता येतात.

अवतरणचिन्हे दुप्पट होतात तेव्हा

प्रत्येक आकडा फाईलमध्ये दुहेरी अवतरणचिन्हांत लिहायचा असतो, त्यामुळे सामन्याची ओळ फॉर्म्युल्याने जोडताना ही चिन्हे मजकुरात आणावी लागतात. ‘कॅर’ फंक्शनला ३४ हा आकडा दिला की ते चिन्ह मिळते आणि फॉर्म्युला वाचण्यासारखा राहतो. इथपर्यंत सर्व ठीक असते. मग आपण तो रकाना सीएसव्ही म्हणून जतन करतो, फाईलचे नाव बदलतो, आणि नोटपॅडमध्ये पाहतो तर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटी एकेक आगंतुक अवतरणचिन्ह, आणि आतले प्रत्येक चिन्ह दुप्पट झालेले.

यात स्प्रेडशीटचे काहीच चुकलेले नसते. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणारा तक्ता, आणि २००५ मध्ये आरएफसी ४१८० या दस्तऐवजात लिहून ठेवलेल्या रिवाजानुसार, ज्या मजकुरात अवतरणचिन्ह असेल तो संपूर्ण मजकूर अवतरणात घालायचा आणि आतले प्रत्येक चिन्ह दोनदा लिहायचे असते. सीएसव्ही वाचणारा कार्यक्रम ते परत एकेरी करून घेतो. आपला खेळ वाचणार असतो एक्सएमएल, त्याला हा रिवाज ठाऊक नसतो. टॅबने वेगळा केलेला मजकूर म्हणून जतन केले तरी हेच घडते.

शोधा-बदला करून ही चिन्हे काढता येतात आणि बहुतेक जण दर वेळी तेच करतात. माझा सल्ला असा, की जतन करण्याचा मार्गच सोडावा. सामन्यांच्या ओळींचा रकाना निवडून कॉपी करावा आणि नोटपॅडमध्ये उघडलेल्या फाईलमध्ये पेस्ट करावा; सेलमध्ये ओळ तोडलेली नसेल तर मजकूर जसाच्या तसा येतो. ‘ओळ तोडलेली नसेल तर’ ही अट महत्त्वाची आहे. ‘टेक्स्टजॉइन’ हे फंक्शन हाती आल्यापासून अनेकांना सर्व ओळी एकाच सेलमध्ये जोडून एका फटक्यात कॉपी करण्याचा मोह होतो. त्या सेलमध्ये ओळतोड आली, की कॉपी करतानाही अवतरणचिन्हे दुप्पट होतात. शिवाय एका सेलमध्ये जास्तीत जास्त ३२,७६७ चिन्हेच मावतात. आठ संघांच्या ६१६ ओळी सुमारे तीस हजार चिन्हांत कशाबशा बसतात, त्यामुळे ही युक्ती चालते असे वाटते. तीच दहा संघांना आणि १६२ सामन्यांना लावली की ८१० ओळी होतात आणि तक्ता चूक दाखवून थांबतो. काल चालणारा तक्ता आज का चालत नाही, याचा शोध घेत माझ्या एका मित्राने अख्खा रविवार घालवला होता.

वर्डसारख्या लेखनाच्या कार्यक्रमातून मजकूर फिरवून आणला, तर सरळ अवतरणचिन्हांची वक्र चिन्हे होतात आणि एक्सएमएलला ती चालत नाहीत. फाईल यूटीएफ-८ मध्ये जतन करताना ‘बीओएमसह’ असा पर्याय दिसला तर तो घेऊ नये. फाईलच्या अगदी आरंभी तीन अदृश्य बाइट बसतात आणि डोळ्यांना पहिली ओळ शुद्ध दिसूनही ती नाकारली जाऊ शकते. दोष कोणत्या ओळीत आहे हे कळत नसेल, तर फाईलची एक प्रत करून तिच्या नावाचा शेवट ‘एक्सएमएल’ करावा आणि ती फायरफॉक्ससारख्या ब्राउझरमध्ये उघडावी. लिखाण मोडलेले असेल तर ब्राउझर ओळ आणि स्थान दोन्ही सांगतो. खेळ मात्र एवढी तसदी घेत नाही.

आणि एकदा काढलेली सीएसव्ही ‘फक्त पाहण्यासाठी’ दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नये. उघडताना पुढची शून्ये गळतात, तारखांसारखे दिसणारे काहीही तारीख होते, आणि बंद करताना आपण सवयीने जतन करतो.

शून्य क्रमांकाचा संघ

आता खुद्द भाग्यपत्रिकेकडे, म्हणजे कोणी कोणाशी कोणत्या फेरीत खेळायचे त्या मांडणीकडे वळू. कबड्डीच्या किंवा व्हॉलीबॉलच्या स्पर्धांत लीग पद्धतीची भाग्यपत्रिका काढणाऱ्यांना चक्राची रीत माहीत असते: एक संघ जागेवर ठेवायचा आणि बाकीचे त्याच्याभोवती एकेक घर सरकवायचे. आठ संघांच्या सात फेऱ्या होतात, प्रत्येक फेरीत चार सामने, आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा गाठ पडते. स्प्रेडशीटमध्ये हे सरकवणे हाताने करू नये, कारण एका सेलची चूक पुढच्या सर्व फेऱ्यांत झिरपते. त्याऐवजी गणित करावे. १ ते ७ या संघांपैकी ज्या दोघांच्या क्रमांकांची बेरीज ७ ने भागल्यावर फेरीच्या क्रमांकाएवढी बाकी उरते ते त्या फेरीत एकमेकांशी खेळतात, सातव्या फेरीसाठी बाकी शून्य धरायची. आणि ज्याची गाठ अशी स्वतःशीच पडते तो आठव्या संघाशी खेळतो.

बाकी काढणाऱ्या ‘मॉड’ फंक्शनने हे करताना हमखास घडणारी चूक म्हणजे फेरीतून संघ वजा करून थेट ७ ने भागणे. बाकी ० ते ६ अशी येते, सातव्या संघाऐवजी ० क्रमांकाचा संघ तयार होतो, आणि असा संघ खेळात नसतो. माझ्या यादीत सातवा संघ लातूर. हंगाम सुरू झाला आणि लातूरच्या वाट्याचे निम्मे सामने गायब! उपाय सोपा आहे: फेरी वजा संघ वजा १ या संख्येची बाकी काढून तीत १ मिळवावा, म्हणजे उत्तर १ ते ७ मध्येच राहते. पाचव्या फेरीत पाचव्या संघासाठी उणे १ ची बाकी काढावी लागते. तक्त्यातील ‘मॉड’ ती ६ देते, १ मिळवला की ७, आणि ५ अधिक ७ म्हणजे १२, त्याची बाकी ५, म्हणजे हिशोब जुळला. मात्र हेच गणित एक्सेलच्या मॅक्रोमध्ये (तक्त्याला जोडलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये) नेले तर तिथला ‘मॉड’ उणे १ ची बाकी उणे १ च देतो आणि शून्याचा संघ मागच्या दाराने परत येतो. मॅक्रो वापरणाऱ्यांनी आधी ७ मिळवून मग बाकी काढावी.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे सामने बरोबर दुप्पट होणे. प्रत्येक संघासाठी प्रतिस्पर्धी काढला की परभणीच्या ओळीत बीड येते आणि बीडच्या ओळीत परभणी; सामना एकच, ओळी दोन. ज्या ओळीत आपला क्रमांक प्रतिस्पर्ध्यापेक्षा लहान आहे तेवढ्याच ठेवाव्यात. १२३२ ऐवजी ६१६ ओळी उरल्या पाहिजेत.

यजमान ठरवताना ‘लहान क्रमांकाचा संघ घरी’ असा नियम लावला, तर पहिल्या क्रमांकाचा संघ पहिली संपूर्ण सात फेऱ्यांची मालिका घरीच बसतो. पुढच्या मालिकेत उलट केल्याने बेरीज जुळते, पण एका फेरीत तीच जोडी सलग चार दिवस खेळत असल्यामुळे चार आठवडे एक संघ गावाबाहेर पडत नाही आणि नंतर चार आठवडे घरी येत नाही, हे वेळापत्रक कोणी मान्य करणार नाही. दोघांच्या क्रमांकांची बेरीज विषम असेल तर लहान क्रमांक यजमान, सम असेल तर मोठा, असा नियम ठेवला की प्रत्येकाला सातपैकी तीन किंवा चार फेऱ्या घरी मिळतात. पुढच्या मालिकेत तोच नियम उलटा फिरवावा. मी सहा मालिका केल्या: पहिल्या चारांत प्रत्येक गाठीचे चार-चार सामने, शेवटच्या दोनांत तीन-तीन. प्रत्येक जोडीचे २२ सामने होतात, ११ इथे आणि ११ तिथे. खेळाचे दिवस १५४, दर दोन फेऱ्यांनंतर एक दिवस विश्रांती धरली तर असे २० दिवस, म्हणजे १ एप्रिलला सुरू झालेला हंगाम १७४ व्या दिवशी, २१ सप्टेंबरला संपतो. अमेरिकेच्या मुख्य लीगचे वेळापत्रक हेन्री आणि हॉली स्टीफन्सन या दांपत्याने दोन दशकांहून अधिक काळ बनवले. अखेरच्या वर्षांत तीस संघ, हजारो किलोमीटरचा प्रवास आणि २४३० सामने एवढा तो पसारा होता. आपले गणित त्यापुढे पोरखेळ आहे, आणि तरीही ते चुकते.

संघांचा क्रम दर वर्षी बदलावा म्हणून काही जण कोणताही आकडा स्वैरपणे देणाऱ्या ‘रँड’ फंक्शनने चिठ्ठ्या टाकतात. ते योग्यच आहे, फक्त चिठ्ठी निघाल्यावर तो रकाना कॉपी करून ‘व्हॅल्यू’ म्हणून त्याच जागी पेस्ट करावा. अन्यथा तक्त्यात कुठेही काही टाइप केले की चिठ्ठ्या पुन्हा निघतात, आणि अर्धी फाईल एका भाग्यपत्रिकेची व अर्धी दुसरीची होते.

तपासणीसाठी एक स्वतंत्र पान ठेवावे आणि ‘काउंटिफ्स’ने चार गोष्टी मोजाव्यात: एकूण ओळी ६१६, प्रत्येक संघ घरी ७७, प्रत्येक जोडीचे एका गावी ११, आणि कोणत्याही दिवशी कोणत्याही संघाचा एकापेक्षा जास्त सामना नाही. पहिल्या तीन बेरजा जुळूनही चौथी चुकू शकते, विशेषतः विश्रांतीचे दिवस घालताना काही ओळींचा दिवस सरकवला आणि काहींचा राहून गेला तर. मी आता ही चौथी मोजणीच सर्वांत आधी पाहतो.

नावांची गडबड

फाईलमध्ये नावे नसली तरी तक्त्यात असतात, आणि नावावरून क्रमांक शोधताना घात होतो. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. माझ्या जुन्या पानावर जुनी नावे होती आणि नव्या पानावर नवी. ‘व्हीलुकअप’ला शेवटचा ‘फॉल्स’ दिलेला असता, तर त्याने नाव सापडत नाही म्हणून चूक दाखवली असती. तो न दिल्यास फंक्शन जवळचे उत्तर शोधते, तेही यादी अकारविल्हे लावलेली आहे असे समजून. आणि जिल्ह्यांची यादी आपण तशी कधीच लिहीत नाही. त्यामुळे एरर न दाखवता भलत्याच संघाचा क्रमांक मिळतो. धाराशिवचे सामने दुसऱ्याच जिल्ह्याच्या खात्यात जमा झालेले मला तपासणीच्या पानावर ७७ ऐवजी भलता आकडा दिसला म्हणून कळले.

नाव डोळ्यांना तंतोतंत सारखे असूनही जुळत नसेल, तर ‘लेन’ने त्याची लांबी मोजावी. ‘बीड’ची लांबी ३ आली पाहिजे, ‘लातूर’ आणि ‘परभणी’ची ५. बीड ४ अक्षरांचे झाले असेल, तर मागे एखादी मोकळी जागा किंवा मराठी टंकलेखनात शिरणारे शून्य रुंदीचे अदृश्य चिन्ह आहे. साधी मोकळी जागा ‘ट्रिम’ने जाते. वेबपानावरून आलेली न तुटणारी जागा, जिचा क्रमांक १६० आहे, ती ‘ट्रिम’ने जात नाही, ती ‘सब्स्टिट्यूट’ने बदलावी लागते. सर्वांत बरे म्हणजे हिशोबाच्या पानांवर फक्त क्रमांक ठेवावेत आणि नावे दाखवण्याच्या एकाच पानावर आणावीत.

सातच जिल्हे घ्यायचे असतील तर

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधीच्या काळाची लीग बनवायची म्हटली तर सात संघ होतात, आणि विषम संख्येला प्रत्येक फेरीत एकाला बाय, म्हणजे त्या फेरीपुरती सुट्टी, द्यावा लागतो. यासाठी वेगळा तक्ता करण्याची गरज नाही. आठवा क्रमांक ‘बाय’चा समजावा आणि फाईल काढताना त्याच्या ओळी गाळाव्यात. १५४ हा आकडा मात्र इथे चालणार नाही, कारण सहा प्रतिस्पर्ध्यांत तो समान वाटला जात नाही. मी प्रत्येकाशी २४ सामने धरून १४४ घेतले: सहा मालिका, प्रत्येक गाठीचे चार सामने, एकूण १६८ दिवस आणि ५०४ ओळी. प्रत्येक संघाला बायमुळेच २४ दिवस सुट्टी मिळते, म्हणून विश्रांतीचे वेगळे दिवस घालू नयेत. रचनेच्या ओळीत जी १५४ च्या जागी जी १४४ आणि टी ८ च्या जागी टी ७ करायला विसरू नये, आणि लीगमधील संघांना १ ते ७ असे सलग क्रमांक आहेत ना, तेही पाहावे. हिंगोली मधल्या क्रमांकावर असताना नुसती काढून टाकली, तर तिच्या पुढचे सगळे संघ एकेक क्रमांकाने सरकलेले असतात.